सुपा : एका बुडालेल्या गावाभोवतीचे सामान्यज्ञान

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात माहिती सुटी सुटी येते. एका पानावर धरणांची उंची, दुसऱ्यावर अणुवीज केंद्रांची यादी, तिसऱ्यावर राष्ट्रीय उद्याने आणि चौथ्यावर संतांच्या समाध्या. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले हे सगळे पाठ करतात आणि परीक्षा झाली की बहुतेक विसरून जातात. यात दोष मुलांच्या स्मरणशक्तीचा नाही. ज्या माहितीला शेजारपाजार नसतो ती मनात रुजत नाही. हीच माहिती एखाद्या गावाच्या किंवा नदीच्या आधाराने वाचली, तर इतिहास, विज्ञान, खेळ आणि संस्कृती यांचे धागे आपोआप जुळतात आणि एक गोष्ट आठवली की तिच्यामागून दुसरी येते.

अशा वाचनासाठी सुपा हे ठिकाण फार चांगले आहे. सुपे म्हटले की आपल्याला शहाजीराजांच्या जहागिरीतले बारामतीजवळचे सुपे किंवा पारनेर तालुक्यातले सुपा आठवते. इथे बोलायचे आहे ते कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या सुप्याविषयी. आज या तालुक्याचे मुख्य ठिकाण जोयडा आहे. सुपा गाव मात्र पाण्याखाली आहे. खाली काही प्रश्न विचारले आहेत आणि त्यांची उत्तरे दिली आहेत. प्रश्न वेगवेगळ्या विषयांतले असले, तरी सगळी उत्तरे या एका तालुक्यात आणि त्याच्या नदीकाठी सापडतात.

काळी आणि पांढरी यांच्या संगमावर कोणते गाव होते?

सुपा. काळी नदी याच तालुक्यातल्या डिग्गी गावाच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटरचा प्रवास करून कारवारजवळ अरबी समुद्राला मिळते. ही नदी उगमापासून मुखापर्यंत एकाच जिल्ह्यात वाहते. तिला जिथे पांढरी नदी येऊन मिळत असे, तिथे सुपा वसले होते. तालुक्याची कचेरी, बाजारपेठ, देवळे आणि शाळा असलेले ते नांदते गाव होते. धरणाच्या जलाशयात ते गेले, तेव्हा तालुक्याचा कारभार जोयड्याला हलवण्यात आला. विस्थापित कुटुंबांपैकी अनेकांचे पुनर्वसन लोंढ्याजवळच्या रामनगरात झाले. बेळगावहून अनमोड घाटाने गोव्याला जाताना रामनगर लागते. तिथून जाणाऱ्या किती प्रवाशांना ठाऊक असेल, की ही वस्ती एका बुडालेल्या गावाच्या माणसांनी उभी केली आहे? उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले की जुन्या सुप्याचे अवशेष वर येतात.

राज्यकारभाराच्या दृष्टीनेही सुप्याने बरेच बदल पाहिले. इंग्रजी अमलात कानडा जिल्हा आधी मद्रास इलाख्यात होता. १८६२ साली त्याचा उत्तर भाग मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि सुप्याचा कारभार मुंबईच्या हाताखाली आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत हा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. महाराष्ट्राने ज्या आठशेहून जास्त गावांवर दावा सांगितला आहे, त्यांत कारवार, हल्याळ आणि सुपा या भागांतली गावेही येतात. कोकणी, मराठी आणि कानडी या तिन्ही भाषा इथल्या बाजारात आजही कानावर पडतात.

उजनी, कोयना आणि जायकवाडी यांपेक्षा जास्त पाणी साठवणारे शेजारचे धरण कोणते?

सुपा धरण. गणेशगुडी येथे काळी नदीवर बांधलेले हे काँक्रीटचे धरण १०१ मीटर उंच आणि ३३२ मीटर लांब आहे. त्याचे काम १९७०च्या दशकात सुरू झाले आणि १९८७ साली पूर्ण झाले. कोयना धरणाची उंची १०३ मीटर, म्हणजे उंचीत दोघे जवळजवळ बरोबरीचे. साठवणीत मात्र मोठा फरक आहे. कोयनेत सुमारे १०५ टीएमसी, जायकवाडीत १०२ आणि उजनीत ११७ टीएमसी पाणी मावते. सुप्याची एकूण क्षमता सुमारे १४७ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८३० कोटी लिटर. दरवर्षी पावसाळ्यात वर्तमानपत्रांत धरणसाठ्याचे आकडे वाचताना हा हिशेब ध्यानात ठेवला, तर त्या आकड्यांना अर्थ येतो.

एवढे पाणी भिंत कशी अडवते? पाण्याचा दाब त्याच्या खोलीवर अवलंबून असतो, जलाशयाच्या लांबी-रुंदीवर नाही. दर दहा मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो भार वाढतो. शंभर मीटर खोलीवर हा भार चौरस सेंटिमीटरला दहा किलो, म्हणजेच प्रत्येक चौरस मीटरला शंभर टन होतो. भरलेले पाच-सहा ट्रक एका छोट्या सतरंजीएवढ्या जागेवर रेटा देत आहेत, असे समजा. म्हणून अशा धरणाची भिंत वर अरुंद आणि पायथ्याशी खूप रुंद असते. आपल्या स्वतःच्या वजनाच्या जोरावर ती पाण्याला थोपवून धरते. बांधकामाचा बराचसा खर्च त्या पायथ्यात जातो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

सुप्याच्या पायथ्याशी ५० मेगावॉटचे दोन संच आहेत. या १०० मेगावॉटवरून धरणाचे मोल ठरवले, तर चूक होईल. सुपा ही काळी खोऱ्याची मोठी टाकी आहे. इथून सोडलेले पाणी पुढे बोम्मनहळ्ळीच्या जलाशयातून नागझरी वीजगृहाला जाते, मग कोडसळ्ळीला आणि शेवटी कद्र्याला. नागझरीची क्षमता ८८५ मेगावॉट, कोडसळ्ळीची १२० आणि कद्र्याची १५० मेगावॉट आहे. सुप्यासकट बेरीज केली तर १,२५५ मेगावॉट होते. एकाच थेंबाकडून चार वेळा काम करून घेतले जाते. पावसाळ्यातले पाणी सुप्यात राखून ठेवता येते, म्हणूनच मे महिन्यातही खालची जनित्रे फिरू शकतात.

याच पाण्यावर एक खेळही उभा राहिला आहे. गणेशगुडीहून खाली काळी नदीत रबरी तराफ्यांतून खळाळत्या पाण्यातला प्रवास घडवला जातो. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्रातून तरुण मंडळी त्यासाठी येतात. सह्याद्रीतल्या बहुतेक नद्यांना फक्त पावसाळ्यात असा जोर असतो. इथे वीजगृह सुरू झाले की उन्हाळ्यातही नदीचे पाणी वाढते आणि तराफे निघतात. आज किती पाणी येणार, हे आकाशातल्या ढगांवर नव्हे तर विजेच्या मागणीवर ठरते. खेळाचे वेळापत्रक इथे वीजनिर्मितीशी बांधलेले आहे.

सलग ९६२ दिवस न थांबता काय चालले?

कैगा अणुवीज केंद्राचा पहिला संच. हे केंद्र कारवार तालुक्यात, काळी नदीच्या काठी, कद्रा जलाशयाला लागून आहे. अणुभट्टीत तयार होणारी उष्णता वाहून नेण्यासाठी अखंड पाणीपुरवठा लागतो आणि तो कद्रा जलाशयातून होतो. इथे २२० मेगावॉटचे चार संच आहेत. त्यांतला पहिला संच १३ मे २०१६ रोजी सुरू झाला आणि ३१ डिसेंबर २०१८ रोजी देखभालीसाठी बंद करेपर्यंत एकदाही थांबला नाही. त्याआधीचा जागतिक विक्रम ब्रिटनमधल्या हेशम येथील भट्टीचा होता, ९४० दिवसांचा. कैग्याने तो मोडला. पुढे कॅनडातल्या डार्लिंग्टन येथील भट्टीने कैग्याला मागे टाकले आणि २०२१ साली १,१०६ दिवसांचा पल्ला गाठला.

इतके दिवस भट्टी चालते कशी? जगातल्या बहुसंख्य अणुभट्ट्यांमध्ये इंधन बदलायचे असेल तर भट्टी बंद करावी लागते. कैगा आणि डार्लिंग्टन इथल्या भट्ट्या जड पाण्यावर चालणाऱ्या आहेत. त्यांत इंधन एकाच मोठ्या टाकीत नसून कित्येक आडव्या नळ्यांत ठेवलेले असते. यंत्राच्या साहाय्याने एका नळीच्या एका टोकाने नव्या इंधनाची जुडी आत सरकवतात आणि दुसऱ्या टोकाने जुनी बाहेर काढतात. बाकीच्या नळ्या तेवढ्या वेळात आपले काम करत राहतात. शिवाय जड पाणी न्यूट्रॉन फारसे शोषून घेत नाही. त्यामुळे समृद्ध न केलेले, नैसर्गिक युरेनियम इंधन म्हणून चालते. समृद्धीकरणाची महागडी सोय नसलेल्या भारताने सुरुवातीला हा मार्ग धरला, त्यामागे हे मोठे कारण होते.

कोणती मादी पिल्लांसाठी स्वतःला झाडात कोंडून घेते?

धनेशाची. सुपा, दांडेली आणि अणशीच्या जंगलात धनेशाच्या चार जाती आढळतात : गरुड धनेश, कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि आपल्याकडे गावाशहरांतही दिसणारा साधा राखी धनेश. त्यांच्या रक्षणासाठी २०११ साली दांडेली परिसरात धनेशांचे खास संवर्धन क्षेत्र जाहीर झाले.

गरुड धनेशाचा संसार जवळून पाहण्यासारखा असतो. हिवाळा सरत आला की जोडी एखाद्या जुन्या, उंच झाडाची ढोली शोधते. मादी आत शिरते आणि विष्ठा, फळांचा गर, माती अशा चिकट पदार्थांनी ढोलीचे तोंड लिंपत आणते. शेवटी चोच बाहेर येईल एवढीच उभी फट राहते. आत गेल्यावर तिची उडण्याची पिसे गळून पडतात. आता ती उडूही शकत नाही. अंडी उबवण्याचे आणि पिल्लू वाढवण्याचे पुढचे कित्येक आठवडे तिचे जेवण नराच्या हाती असते. नर रानातून उंबराच्या जातीची फळे गळ्यात साठवून आणतो, फटीसमोर खोडाला पंजे रोवून बसतो आणि एकेक फळ वर काढून तिच्या चोचीत देतो. पिल्लू काहीसे मोठे झाले आणि मादीला नवी पिसे आली, की ती लिंपण फोडून बाहेर येते. त्यानंतर आतले पिल्लू ती फट पुन्हा लिंपून घेते आणि मग दोघे मिळून त्याला भरवतात. या काळात नर मारला गेला, तर मारणाऱ्याने एक पक्षी मारलेला नसतो, एक कुटुंब संपवलेले असते.

धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. त्याला जुने, पोकळ झालेले झाडच लागते. लाकूडतोडीच्या हिशेबात असले झाड निरुपयोगी ठरते आणि जंगलाच्या हिशेबात ते प्रसूतिगृह असते. फळे खाऊन दूरदूर बिया टाकणारा हा पक्षी पुढच्या पिढीचे जंगल पेरतो. म्हणून धनेश टिकला का, या प्रश्नाचे उत्तर जंगल टिकेल का, हेही सांगते.

याच रानात काळा बिबट्याही आहे. ती वेगळी जात नव्हे. आई आणि बाप या दोघांकडून एक विशिष्ट अप्रकट जनुक मिळाले, की बिबट्याचे पिल्लू काळे होते. त्यामुळे एकाच वेतात पिवळी आणि काळी अशी दोन्ही पिल्ले असू शकतात. तिरपा उजेड पडला तर त्याच्या काळ्या कातडीवरही ठिपक्यांची नक्षी दिसते. दांडेली अभयारण्य १९५६ साली झाले आणि अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ साली. दोन्ही मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ साली त्याला नदीचे नाव मिळाले : काळी व्याघ्र प्रकल्प.

करांद्यांचे आणि गर्भनिरोधक गोळीचे नाते काय?

जोयड्याच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे कुणबी कंदांचे जाणकार आहेत. कोनफळ, कणगी, करांदे, सुरण, माडी म्हणजे अळकुडी, अशी कितीतरी पिके त्यांच्या परसात असतात. हिवाळ्यात जोयड्याला कंदांचा मेळाही भरतो. एकेक माणूस आपल्या घरचे वाण घेऊन येतो आणि बघणारा थक्क होतो. जमिनीखाली वाढणारे हे अन्न मुसळधार पावसात झोडपले जात नाही. गरज पडेल तेव्हा उकरून काढता येते. भाताचे पीक हातचे गेले तरी कंद घर सावरतात.

अळकुडी किंवा सुरण नीट शिजले नाही तर घसा खवखवतो. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. भरपूर शिजवणे आणि चिंच किंवा आमसूल घालणे, हा आपल्या स्वयंपाकघरातला जुना उपाय आहे.

कोनफळ, कणगी आणि करांदे हे सगळे डायोस्कोरिया या एकाच कुळातले. याच कुळातल्या मेक्सिकोमधल्या एका रानटी कंदावर रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात काम केले. त्या कंदातल्या डायोस्जेनिन या द्रव्यापासून त्याने प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्वस्तात तयार करून दाखवले. तोवर ते प्राण्यांपासून काढावे लागे आणि त्याची किंमत अफाट असे. पुढे मेक्सिकोतच कार्ल जेरासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली नॉरएथिस्टेरॉन बनवले आणि गर्भनिरोधक गोळीचा रस्ता मोकळा झाला. जगभरच्या स्त्रियांचे आयुष्य बदलणाऱ्या गोळीचा धागा असा एका कंदापर्यंत पोचतो. म्हणून आपल्या रानातल्या कंदांचे एखादे वाण नाहीसे होते, तेव्हा भाजीचा एक प्रकार गेला, एवढ्यावर ते थांबत नाही. त्यात काय दडले होते, हे कळण्याची संधीही जाते.

मलिक अंबरचे दूरचे भाऊबंद आज कुठे राहतात?

जोयडा, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड आणि अंकोला तालुक्यांच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांतल्या अनेकांना पोर्तुगिजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते आणि सुटका करून घेतलेल्या माणसांनी घाटावरच्या दाट रानाचा आसरा घेतला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांनी आफ्रिकेतल्या बांटू भाषिक लोकांशी त्यांचे नाते दाखवून दिले. मराठी वाचकाला सिद्दी म्हटले की जंजिरा आठवतो आणि निजामशाही सांभाळणारा, खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर वसवणारा मलिक अंबर आठवतो. तो सत्तेपर्यंत पोचलेल्यांचा इतिहास झाला. उत्तर कन्नडमधले सिद्दी हे शेतमजुरी आणि रानातल्या कामांवर जगलेल्यांचे वारस आहेत. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. दमामी हे त्यांचे वाद्य आणि नृत्य तिघांनाही जोडून ठेवते. त्यांच्या घरांतून कोकणीच्या जवळची बोली बोलली जाते. २००३ साली उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२० साली शांताराम सिद्दी यांची कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्ती झाली. या समाजातून विधिमंडळात पोचलेले ते पहिले.

क्रीडाक्षेत्रातही त्यांचा एक धडा आहे. १९८०च्या दशकात मार्गारेट अल्वा केंद्रात क्रीडा खात्याच्या राज्यमंत्री असताना भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलामुलींना निवडून धावपटू घडवण्याचा उपक्रम हाती घेतला. काही मुले राष्ट्रीय पातळीवर चमकली, पण काही वर्षांतच उपक्रम गुंडाळला गेला आणि उमेदीत आलेली मुले अर्ध्यावर परत गेली. आफ्रिकी वंशाचे म्हणजे पदक नक्की, असा हिशेब काहींनी मनात धरला होता. पदकाला चांगला आहार, प्रशिक्षक, मैदान आणि खेळानंतरच्या पोटापाण्याची हमी लागते, वर्षानुवर्षे लागते. शेजारच्या हल्याळला कुस्तीची जुनी परंपरा आहे. ती टिकली, कारण तिथे तालीम आहे, वस्ताद आहेत आणि दाद देणारे गाव आहे.

मंगळवेढ्याशी नाते असलेली चळवळ सुप्याच्या रानात कशी आली?

बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांनी जातिभेद नाकारणारी, श्रमाला मान देणारी शरण चळवळ उभारली. त्यांच्या आयुष्यातला महत्त्वाचा काळ सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात गेला. कलचुरी राजा बिज्जळाची सत्ता आधी तिथे होती आणि पुढे तो कल्याणला, म्हणजे बिदर जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणला गेला. परंपरा सांगते की कल्याणमध्ये ब्राह्मण कुळातल्या मधुवरसांची मुलगी आणि चर्मकार हरळय्यांचा मुलगा यांचे लग्न शरणांनी लावून दिले. राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला. कल्याणमध्ये उद्रेक झाला आणि शरणांना शहर सोडावे लागले. त्यांतला एक जथा बसवेश्वरांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याबरोबर दक्षिणेकडे निघाला आणि सुपा तालुक्यातल्या उळवीच्या रानात येऊन थांबला. चन्नबसवण्णांची समाधी तिथेच आहे. माघात उळवीला मोठी जत्रा भरते. धारवाड आणि बेळगाव भागांतले शेतकरी बैलगाड्या सजवून, वाटेत मुक्काम करत घाटाच्या रानात येतात. आषाढी वारी जगलेल्या मराठी माणसाला या गाड्यांमागची ओढ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आगगाडी कोणत्या स्टेशनावर देश बदलत असे?

कॅसलरॉकला. जोयडा तालुक्यातले हे रानातले स्टेशन कधीकाळी दोन साम्राज्यांच्या सीमेवर होते. १८७८ साली ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. त्यात गोव्यातल्या मिठाच्या मक्त्यापासून जकातीपर्यंत अनेक कलमे होती आणि मुरगाव बंदर घाटमाथ्याला रेल्वेने जोडण्याचेही कलम होते. त्यातून मुरगाव ते कॅसलरॉक हा सुमारे ८२ किलोमीटरचा मार्ग १८८८ पर्यंत पूर्ण झाला. कॅसलरॉकपासून पुढची गाडी सदर्न मराठा रेल्वेची. जकातीच्या कलमाची मुदत १८९२ साली संपली आणि रेल्वे मात्र राहिली.

कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे २६ किलोमीटरचा घाट भारतातल्या अवघड रेल्वेघाटांपैकी एक आहे. दर ३७ मीटरला एक मीटर चढ. रस्त्यावर हा चढ किरकोळ वाटेल, पण पोलादी रुळावर पोलादी चाक सहज घसरते. म्हणून चढताना गाडीला मागूनही इंजिने लावतात. उतरताना तीच इंजिने तिला आवरून धरतात. याच घाटात ३१० मीटर उंचीवरून कोसळणारा दूधसागर लागतो.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी निःशस्त्र सत्याग्रहींनी अनेक ठिकाणी पोर्तुगीज हद्द ओलांडली. महाराष्ट्रातून गेलेल्यांचे त्यांत मोठे प्रमाण होते. कॅसलरॉकजवळचा बोगदाही त्यांच्या वाटेत होता. पोर्तुगिजांनी गोळीबार केला आणि अनेकांनी प्राण दिले. त्याच वर्षी सीमेपलीकडची रेल्वे वाहतूक बंद पडली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि कॅसलरॉक सीमेवरचे स्टेशन राहिले नाही. आज गाडी तिथे थांबते ती इंजिने जोडायला आणि ब्रेक तपासायला.

काळी नदीच्या मुखाशी कोणत्या महाकवीने नाटक लिहिले?

रवींद्रनाथ ठाकूर यांनी. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. मुंबई इलाख्यात नोकरी असल्याने ते कारवारला जिल्हा न्यायाधीश होते आणि पुढे १८९७ साली साताऱ्याहून निवृत्त झाले. महाराष्ट्रात राहून त्यांनी मराठी आत्मसात केली आणि तुकोबांच्या अभंगांचे बंगालीत भाषांतर केले. रवींद्रनाथ विशीत असताना काही काळ या भावाकडे कारवारला राहिले. एका चांदण्या रात्री होडीतून काळी नदीत वर जाऊन शिवाजी महाराजांच्या एका जुन्या गडापाशी उतरल्याची आठवण त्यांनी आपल्या आत्मकथनात नोंदवली आहे. ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे १८८४ साली प्रसिद्ध झालेले नाटक त्यांनी याच मुक्कामात लिहिले. कारवारच्या किनाऱ्याला आज त्यांचे नाव आहे.

एका तालुक्याच्या आणि एका नदीच्या आधाराने आपण अणुभट्टीपासून अभंगांपर्यंत आलो. यातली कोणतीही गोष्ट एकटी राहिली नाही. पाऊस आहे म्हणून जंगल आणि नदी आहे, नदी आहे म्हणून धरण आणि कैगा आहे, धरण आहे म्हणून रामनगर आहे. जंगल दाट होते म्हणून शरणांना आणि सिद्दींना आसरा मिळाला, आणि ते जुने राहिले म्हणून धनेशाला ढोली मिळते. देशाच्या विजेसाठी सुप्याने आपले गाव दिले. ज्यांनी ते दिले त्यांची नावे कोणत्याही प्रश्नसंचात नाहीत. निदान गावाचे नाव तरी आपल्याला माहीत असायला हवे.

प्रत्येक तालुक्यात अशी सामग्री असते. शिक्षकांना आग्रहाची विनंती आहे, की छापील प्रश्नसंच बाजूला ठेवून एकदा आपल्या तालुक्याचा प्रश्नसंच मुलांकडून तयार करून घ्या. नदी कुठून येते, धरणात कोणती गावे गेली, स्टेशन कधी झाले, रानात कोणते कंद मिळतात, जत्रा कोणाच्या नावाने भरते, हे मुलांनी घरच्या आणि गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि लिहून ठेवावे. सांगणारी पिढी अजून आहे, तोवर हे काम उरकून घ्या.